सुटकेनंतरचे गाव

रेल्वेच्या तिकिटावर वरठी हे नाव येत नाही. गाव वरठी, पण स्थानकाच्या पाटीवर ‘भंडारा रोड’. मुंबई-नागपूर-हावडा या मुख्य मार्गावरचे हे स्थानक मोहाडी तालुक्यात येते आणि भंडारा शहर तिथून दहा-एक किलोमीटरवर आहे. पश्चिमेला साठेक किलोमीटरवर नागपूर, पूर्वेला तुमसर रोड, गोंदिया आणि पुढे छत्तीसगड. आजूबाजूला धानाची शेती आणि गावाला लागून सनफ्लॅगचा पोलाद कारखाना. इथून रोज कितीतरी मुली नागपूरला शिकायला जातात, नोकरीला जातात आणि संध्याकाळच्या गाडीने परत येतात. त्यांनी जायलाच हवे. फसवून नेल्या जाणाऱ्या मुलींबद्दल या प्रकरणात जे लिहिले आहे, त्याचा उपयोग कुणी या मुलींची गाडी बंद करायला करू नये.

वरठीपासून सुरुवात करण्याचे कारण सांगतो. लैंगिक शोषणासाठी होणाऱ्या मानवी तस्करीवरचे आपले बहुतेक लिखाण मुंबईच्या कामाठीपुऱ्यावर, पुण्याच्या बुधवार पेठेवर, नागपूरच्या गंगा-जमुनावर होते. जिथे मुलगी पोचते ती जागा आपल्याला दिसते. जिथून ती निघाली आणि सुटका झाल्यावर जिथे तिला परत यायचे असते, ते गाव मात्र चर्चेत येत नाही. माझे म्हणणे असे, की दलालाची भिस्त कुलपापेक्षाही या गावाच्या तोंडावर असते. ‘परत जाऊन करशील काय, गाव तुला उभं करेल का,’ हे वाक्य त्याला रोज वापरायला मिळते, आणि मुलीला ते खोटे वाटत नाही.

तस्करी म्हटले की रात्री तोंड दाबून गाडीत कोंबलेली मुलगी डोळ्यापुढे येते. तसे घडतेही. पण पोलिसांकडच्या आणि संस्थांकडच्या कहाण्या वाचल्या तर बहुतेक ठिकाणी सुरुवात ओळखीच्या माणसापासून होते. लांबची मावशी असते, शेजारच्या गावातली शहरात ‘सेट’ झालेली बाई असते, लग्नाचे वचन दिलेला मुलगा असतो, अलीकडे मोबाइलवर ओळख झालेला कुणी असतो. कामही साधेच सांगितलेले असते : ब्युटी पार्लर, केटरिंग, मोठ्या घरातली धुणीभांडी, मॉलमधली विक्री. रोवणी आटोपली, हाताला काम नाही, घरात कुणाचे आजारपण काढलेले आहे, अशा दिवसांत येणारा हा निरोप आईबापांना देवासारखा वाटतो. ‘पोरगी कामाले गेली जी, नागपुरात,’ असे ते शेजाऱ्याला सांगतात तेव्हा त्यांना स्वतःलाही तेच खरे वाटत असते.

दुसरा मार्ग लग्नाचा. ज्या भागांत मुलींची संख्या घटली तिथल्या मुलांसाठी बाहेरून मुली आणल्या जातात. विदर्भातल्या मुली लग्नाच्या नावाखाली मध्य प्रदेशात, राजस्थानात विकल्या गेल्याच्या फिर्यादी नोंदल्या गेल्या आहेत. यात हुंडा मागत नाहीत, उलट लग्नाचा खर्च मुलाकडचे करतात, कधी मुलीच्या घरी थोडे पैसेही देतात. गरीब बापाला हे उपकार वाटतात. मध्यस्थाने मुलाकडून किती घेतले हे त्याला कधीच कळत नाही. ज्या स्थळाचे गाव कुणी पाहिलेले नाही, ज्या मुलाकडचे दोनच पुरुष येऊन देवळात चार दिवसांत लग्न उरकून जातात, तिथे मुलीच्या बाजूच्या कुणीतरी सोबत जाऊन घर पाहून येणे एवढी साधी अट घातली तरी बरेच सौदे मोडतील.

मुलगी एकदा विकली गेली की पुढचा हिशेब कर्जाचा असतो. कुंटणखाना चालवणाऱ्या घरवालीने दलालाला मोजलेली रक्कम मुलीच्या नावावर चढते. काही वस्त्यांत अशा मुलीला ‘छुकरी’ म्हणत. फेड होईपर्यंत कमाईतला रुपया तिच्या हातात पडत नाही. खोलीचे भाडे, कपडे, डॉक्टर, कधी हप्ता, सगळे त्याच खात्यावर लिहिले जाते, आणि लिहिणारी घरवालीच. फेड झाली असे घरवालीने ठरवले की मुलगी ‘अधिया’वर येते, म्हणजे निम्मी कमाई तिची. तोवर काही वर्षे गेलेली असतात, एखादे मूल झालेले असते. दाराला आता कुलूप नसते. बाहेरचा माणूस विचारतो, ‘मग पळून का नाही गेली?’ ती जाणार कुठे, याचे उत्तर त्याच्याकडे नसते.

नागपूरला इतवारीच्या बाजूची गंगा-जमुना ही विदर्भातली सर्वांत परिचित वस्ती. ऑगस्ट 2021 मध्ये नागपूर पोलिसांनी ती सील केली, गल्ल्यांना बॅरिकेड लावले. अल्पवयीन मुली तिथे आणल्या जातात हे पोलिसांचे म्हणणे होते. तिथे वर्षानुवर्षे राहणाऱ्या बायका रस्त्यावर उतरल्या, आम्ही खायचे काय आणि जायचे कुठे हा त्यांचा प्रश्न होता. मला या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या वाटतात. मूल बाजारात असेल तर त्याला बाहेर काढण्याबद्दल वाद होऊच शकत नाही. आणि बॅरिकेड लावल्याने चाळिशीतल्या बाईला गावात घर मिळत नाही, हेही तितकेच खरे. याच वस्तीत रामभाऊ इंगोले 1980 च्या दशकापासून काम करत आले. आम्रपाली उत्कर्ष संघ ही त्यांची संस्था आणि विमलाश्रम हे तिथल्या बायकांच्या मुलांसाठी काढलेले घर. मुंबईत प्रीती आणि प्रवीण पाटकरांच्या ‘प्रेरणा’ने 1988 मध्ये कामाठीपुऱ्यात रात्रीचे पाळणाघर सुरू केले, कारण आईच्या धंद्याची वेळ रात्रीची आणि मूल त्याच खोलीत, नाहीतर खाटेखाली. तेव्हाच्या अहमदनगरला गिरीश कुलकर्णींनी 1989 मध्ये ‘स्नेहालय’ उभे केले, त्याची सुरुवातही अशाच मुलांपासून. तिन्ही ठिकाणी कार्यकर्ते आधी मुलांपर्यंत पोचले. बाई स्वतःसाठी कुणावर विश्वास ठेवत नव्हती, मुलासाठी तिने ठेवला.

सुटकेचा विचार आपल्याकडे फार काळ धाडीपाशीच थांबत असे. फेब्रुवारी 1996 मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मुंबईत मोठी धाड पडली आणि चारशेहून अधिक मुली-बायका बाहेर काढल्या गेल्या. बऱ्याच नेपाळच्या होत्या. त्यांना ठेवायला पुरेशी जागा नव्हती, वसतिगृहांमध्ये हाल झाले, आणि नेपाळ सरकार त्यांना परत घ्यायला राजी नव्हते. शेवटी तिथल्या संस्थांनी सव्वाशेच्या आसपास मुली मायदेशी नेल्या. त्यांच्यातल्याच काहींनी त्याच वर्षी काठमांडूत ‘शक्ती समूह’ ही संघटना काढली. शोषणातून बाहेर पडलेल्या स्त्रियांनी स्वतः चालवलेली ही संघटना, 2013 मध्ये तिला रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. घरच्यांनी आणि सरकारने ज्यांना घ्यायला का-कू केली त्याच मुली पुढे सीमेवर आणि खेड्यांत जाऊन इतर मुलींना सावध करू लागल्या. मला त्यांच्या कामातली एक गोष्ट विशेष वाटते : त्यांनी आधी स्वतःसाठी नागरिकत्वाचा कागद मागितला. कागद नाही तर नोकरी नाही, खोली नाही, बँक नाही.

कागदाचे महत्त्व आपल्याकडेही तेवढेच आहे, आणि इथे गावाचा थेट संबंध येतो. धाडीत सापडलेली मुलगी अठराच्या आत आहे की वर, यावर तिचा पुढचा सगळा रस्ता ठरतो. अठराच्या आत असेल तर ती बालक, तिला चोवीस तासांत बाल कल्याण समितीपुढे न्यायचे, आरोपीवर बालकांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पोक्सो कायदा लागतो आणि अल्पवयीनाच्या तस्करीला किमान दहा वर्षांची शिक्षा. म्हणून घरवाली पहिल्या दिवसापासून मुलीकडून एकच उत्तर पाठ करून घेते : ‘एकोणीस.’ मुलगी ते पोलिसांपुढे म्हणते, डॉक्टरपुढे म्हणते. हाडांच्या एक्स-रेवरून वय काढले तर त्यात एक-दोन वर्षांची चूक गृहीत धरावी लागते आणि त्या फटीतून आरोपी निसटतो. बाल न्याय कायदा मात्र सांगतो, की आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र पाहा, ते नसेल तर ग्रामपंचायत-नगरपालिकेचा जन्मदाखला पाहा, आणि काहीच नसेल तरच वैद्यकीय तपासणी करा. म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या कपाटात पडलेल्या दाखल-खारीज रजिस्टरातली एक ओळ, पहिलीत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेली तारीख, ही मुंबईच्या किंवा नागपूरच्या कोर्टात सर्वांत मोठा पुरावा ठरू शकते. ती मुलगी चौथीनंतर शाळेत आली नसेल, तरी ती ओळ तिथे असते. तपास अधिकाऱ्याचा निरोप आला की मुख्याध्यापकांनी तो दाखला त्याच दिवशी काढून द्यावा, सुट्टी असेल तर शाळा उघडावी. रजिस्टरला वाळवी लागू देऊ नये, हेसुद्धा मुलींच्या संरक्षणाचेच काम आहे.

मुंबई उच्च न्यायालयाने ‘प्रेरणा’च्या याचिकेवर ऑक्टोबर 2002 मध्ये दिलेला निकाल या बाबतीत पायाचा आहे. एका धाडीत सापडलेल्या मुलींना सोडवायला जो वकील उभा राहिला तोच आरोपींचाही वकील होता. न्यायालयाने हे चालणार नाही असे सांगितले. शिवाय वय ठरल्याशिवाय, घरच्यांची चौकशी झाल्याशिवाय मुलीला कुणाच्या ताब्यात देऊ नये, असे बजावले. कारण ‘मी तिची मावशी’ म्हणत कोर्टात येणारी बाई बऱ्याचदा घरवालीनेच पाठवलेली असते. 1956 चा अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा, ज्याला ठाण्यात सगळे ‘पिटा’ म्हणतात, तोही घरी पाठवण्यापूर्वी त्या घराची पारख करायला सांगतो. दंडाधिकाऱ्याला मदतीला पाच प्रतिष्ठित व्यक्तींचे मंडळ घेता येते आणि शक्य तिथे त्यातल्या तीन स्त्रिया असाव्यात अशी तरतूद आहे.

ही पारख करायला परिविक्षा अधिकारी गावात येतो. तिथेच एक घोळ होतो, आणि तो मी फार ठिकाणी होताना ऐकला आहे. सरकारी जीप दारात उभी राहते, अधिकारी शेजारच्या ओट्यावर बसून विचारतो, ‘या घरचे लोक कसे आहेत? त्यांची मुलगी सापडली आहे.’ संध्याकाळपर्यंत गाव जाणते. मुलगी अजून सुधारगृहात आहे आणि इकडे तिच्या बहिणीचे ठरलेले लग्न मोडायला आलेले असते. घरचे लोक मग घाबरून लिहून देतात, की आम्हाला ती नको. अहवालात ‘कुटुंब स्वीकारण्यास तयार नाही’ एवढीच ओळ जाते. हीच चौकशी अंगणवाडी सेविकेमार्फत, आशाताईंना विश्वासात घेऊन, आईला भंडाऱ्याला बोलावून करता येते. शेजाऱ्यांना काही विचारायचेच असेल तर कारण न सांगता विचारता येते. कायदा अत्याचारग्रस्त मुलीची ओळख उघड करायला बंदी घालतो. ही बंदी वर्तमानपत्राला आहे तशी जीपमधून उतरणाऱ्यालाही आहे.

सज्ञान स्त्रीची गोष्ट वेगळी आहे आणि ती वेगळीच ठेवली पाहिजे. सप्टेंबर 2020 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तीन सज्ञान तरुणींना सुधारगृहातून सोडण्याचा आदेश दिला. त्या गुन्हेगार नाहीत, आणि त्यांच्या इच्छेविरुद्ध त्यांना डांबून ठेवता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांना सन्मानाने वागवावे, धाडीत त्यांना छळू नये, त्यांची ओळख उघड न करता बातम्या द्याव्यात, असे निर्देश दिले. सांगलीच्या ‘संग्राम’ संस्थेने आणि तिथल्या बायकांच्या ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषदे’ने हे फार आधीपासून मांडले होते, की आमच्यावर उपकार म्हणून टाकलेली धाड आमच्या घरातले भांडे-कुंडेही घेऊन जाते. सुटका झालेल्या सज्ञान बाईला काय हवे हे तिला विचारावे लागते. तिला गावी जायचे नसेल, शिलाईकाम नको असेल, मुलाला वसतिगृहात ठेवून स्वतः शहरातच काम करायचे असेल, तर ते तिचे उत्तर. पुनर्वसनाच्या नावाखाली वर्षानुवर्षे शिलाई मशीन आणि मेणबत्त्या एवढेच दिले गेले आणि त्यावर पोट भरत नाही म्हणून बायका परत गेल्या, तर दोष त्यांना लागला.

पैशाबद्दल सरळ बोलले पाहिजे. महाराष्ट्रात 2013 पासून ‘मनोधैर्य’ योजना आहे. बलात्कार आणि बालकांवरचे लैंगिक अत्याचार यांतील पीडितांना तिच्यातून साहाय्य मिळते आणि 2017 च्या सुधारणेनंतर त्याची कमाल मर्यादा 10 लाख रुपये झाली. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जातो. भंडाऱ्यात तो जिल्हा न्यायालयातच द्यायचा. याशिवाय पीडित भरपाईची कायद्यातली सर्वसाधारण तरतूद आहे, आणि तिच्यातली एक गोष्ट लोकांना ठाऊकच नसते : आरोपी सापडला नाही तरी अर्ज करता येतो. गुन्हा दुसऱ्या राज्यात घडला, दलाल फरार झाला, खटला उभाच राहिला नाही, म्हणून मुलीने हात चोळत बसायचे कारण नाही. अर्ज लिहायला वकील फुकट मिळतो, 15100 या क्रमांकावर विचारता येते. मात्र रक्कम कोणाच्या खात्यात जाते इकडे लक्ष हवे. ज्या बापाने किंवा काकाने आधी पैसे घेतले त्याच्याच हाती पासबुक राहिले तर मुलगी दुसऱ्यांदा विकली गेल्यासारखेच होते.

आता जाण्याआधीची बाजू. प्रत्येक गावात ग्राम बाल संरक्षण समिती असायला हवी. सरपंच तिचे अध्यक्ष, सोबत अंगणवाडी सेविका, पोलीस पाटील, शाळेतले शिक्षक. पुष्कळ गावांत ती कागदावर असते, पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत नावे वाचली जातात आणि संपते. तिने करण्यासारखे काम फार अवघड नाही. आठवीनंतर कोणती मुलगी शाळेत येईनाशी झाली, वीटभट्टीवर किंवा तेलंगणात मिरची तोडायला कोणती कुटुंबे गेली आणि मुलींना कुणाकडे ठेवून गेली, बाहेरून कोण माणूस ‘काम देतो’ म्हणत फिरतो आहे, एवढे महिन्यातून एकदा बसून बोलले तरी पुरे. कामाला जाणाऱ्या मुलीजवळ मालकाचा पत्ता, घरच्यांचा फोन नंबर पाठ, आणि थोडे वेगळे ठेवलेले पैसे असावेत. कामाच्या ठिकाणी फोन काढून घेतला, दोन दिवस बोलणे झाले नाही, की थांबायचे नाही.

मूल हरवले तर ठाण्यात ‘दोन दिवस वाट पाहा, पळून गेली असेल’ असे ऐकून परत यायचे नाही. मे 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे, की हरवलेल्या प्रत्येक मुलाची तक्रार गुन्हा म्हणून नोंदवायची आणि अपहरण किंवा तस्करी झाली असे धरूनच तपास सुरू करायचा. चार महिन्यांत मूल सापडले नाही तर तपास अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्षाकडे जातो. घटना कुठल्या हद्दीत घडली या वादात वेळ घालवता येत नाही, कुठल्याही ठाण्याला ‘झिरो’ गुन्हा नोंदवावा लागतो. वरठीला स्वतःचे पोलीस ठाणे आहे. गाडी सुटून गेली असेल तर रेल्वेच्या 139 वर लगेच कळवावे. रेल्वे सुरक्षा दल 2022 पासून मानवी तस्करीविरुद्ध वेगळी मोहीम चालवते, आणि इथून सुटलेल्या गाडीला नागपूर किंवा गोंदियाला पोचायला लागणारा तास-दीड तास हाच सर्वांत मोलाचा वेळ असतो. बालकांसाठी 1098, स्त्रियांसाठी 181, आणि काहीच आठवले नाही तर 112.

मात्र यातून गावाने मुलींवर पहारा बसवला तर दलालाचेच फावते. मोबाइल काढून घेतला, शाळा सोडवली, कुणाशी बोलताना दिसली म्हणून मारले, की मुलगी घरात बोलणे बंद करते. मग फोनवरचा अनोळखी मुलगाच तिला सर्वांत जवळचा वाटतो, आणि त्याने ‘येतेस का’ विचारले तर सल्ला घ्यायला तिच्यापाशी कुणी उरत नाही. प्रेमात पळून गेलेल्या मुलीचे तर फार वाईट होते. घरचे म्हणतात, ‘आमच्यासाठी ती मेली.’ मुलगा चांगला निघाला तर ठीक. नसेल, तर त्याला कळते की हिच्या मागे आता कुणी येणार नाही. अशा मुलीला आईने एकदाच चोरून फोन करून ‘काही झालं तरी घरी ये’ म्हटले असते तर पुढचे टळले असते, असे कार्यकर्ते पुन्हा पुन्हा सांगतात. शाळेत, बचतगटाच्या बैठकीत मुलींना कायद्याची कलमे शिकवण्याआधी आयांशी या एका वाक्यावर बोलायला हवे.

परत आलेल्या मुलीला गावाकडून मोठे काही नको असते. ‘कोणाची पोरगी होय जी? कुठं होती इतके दिवस?’ हा प्रश्न तिला नळावर, दुकानात, पॅसेंजरच्या डब्यात रोज विचारला जाऊ नये. बचतगटात तिचे नाव घ्यावे. तिला शाळेत परत बसायचे असेल तर वयाने मोठी म्हणून नाकारू नये, नाहीतर बाहेरून दहावीला बसवावे. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या सिस्टरने तिची तपासणी, औषधे आपल्या दोघींपुरती ठेवावीत. एचआयव्हीची गोळी चालू असेल तर ती भंडाऱ्याच्या एआरटी केंद्रातून फुकट मिळते आणि ती नियमित घेणारी बाई इतरांसारखीच जगते, काम करते, लग्न करते. रात्री झोप न लागणे, अचानक चिडणे, महिनोन्‌महिने कुणाशी न बोलणे हे घडणार. त्याला अंगात आले म्हणून मांत्रिकाकडे न्यायचे नाही, जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागात न्यायचे.

खटला पुढे काही वर्षांनी उभा राहतो, तोवर तिने लग्न केलेले असते, तिला मूल असते. मुंबईहून किंवा राजस्थानातून समन्स येते, नवऱ्याला काय सांगायचे कळत नाही, प्रवासाला पैसे नसतात, आणि तिकडे कोर्टाच्या व्हरांड्यात आरोपीची माणसे बसलेली असतात. पूर्वी अशा वेळी मुलगी जायचीच नाही, गेली तरी फितूर व्हायची, आणि आरोपी सुटायचा. जानेवारी 2022 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक जिल्ह्यात असुरक्षित साक्षीदारांसाठी वेगळे जबानी केंद्र उभारण्याचे निर्देश दिले, जिथे साक्ष देताना आरोपी समोर दिसत नाही. पुढच्याच महिन्यात तस्करीतल्या बाल साक्षीदारांनी आपल्याच जिल्ह्यातून व्हिडिओद्वारे साक्ष द्यावी अशी कार्यपद्धती त्याच न्यायालयाने लागू केली. म्हणजे दूरच्या कोर्टातल्या खटल्यात अशा मुलीने भंडाऱ्याला जाऊन साक्ष द्यायची आणि दुपारी घरी परतायचे, हे आज कायद्याने शक्य आहे. समन्स हातात पडल्या दिवशी तिने, किंवा तिच्या वतीने कुणीतरी, विधी सेवा प्राधिकरणात जाऊन तसा लेखी अर्ज द्यायचा, आणि साक्षीच्या दिवशी तिच्यासोबत बसायला एक ओळखीची बाई असेल एवढे गावाने पाहायचे.